पिंटूची आई म्हणजे कोण?

“खात्यावर लीन आहे,” काउंटरपलीकडचा मुलगा म्हणाला.

मी गार्गीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिला दात येत होते. माझ्या ओढणीची कड चावून चावून तिनं चिंब केली होती.

“म्हणजे काय?”

“लीन, मॅडम. पैसे निघणार नाहीत.”

माझ्या मागून सुरेखानं मान पुढं काढली. “लीन? कुणाच्या चरणी?”

तिनं चेष्टेनं विचारलं नव्हतं. भजनात ऐकलेला तेवढाच अर्थ तिला माहीत होता. तो मुलगा फिस्सकन हसला, मलाही हसू आलं. सुरेखा मात्र त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या महिन्याची भिशी तिची होती, आणि ती घ्यायलाच आम्ही दोघी बँकेत आलो होतो.

“इन्कम टॅक्सचं पत्र आलंय,” हसू आवरून तो म्हणाला. “तुमच्या भगिनी मंडळाचं खातं गोठवलंय. तुम्ही खजिनदार ना? तुम्हालाच माहीत पाहिजे.”

मला काहीच माहीत नव्हतं. एवढ्यात सुरेखाचा फोन वाजला, आणि पुढं जे झालं ते इतक्या पटकन झालं की मला कळायच्या आत गार्गी माझ्या खांद्यावरून तिच्या कडेवर गेली होती आणि सुरेखा बँकेच्या दाराबाहेर होती. मी मागोमाग धावले. पायऱ्यांजवळ एक कोथिंबीरवाली बसायची. सुरेखा तिच्यासमोर उकिडवी बसली, एका हातात जुडी घेतली आणि दुसऱ्या हातानं फोन समोर धरला.

“भाजी घ्यायला आलोय,” ती म्हणाली. आवाज एकदम हलका. “प्रणालीवहिनींचं बाळ सांभाळायला घेतलंय. हे बघा की.”

तिनं गार्गीला फोनसमोर धरलं. गार्गी त्या पडद्याकडं बघून बोळकं पसरून हसली.

“मागं फिरव,” आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला.

तिनं फोन गोल फिरवला. कोथिंबीरवाली, रस्ता, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. मी पटकन खांबाआड झाले. का झाले ते आजही सांगता येणार नाही. माझी लेक त्या माणसाच्या हातातल्या चौकोनात हसत होती आणि मी तिची आई खांबाआड उभी होते.

फोन बंद झाल्यावर सुरेखानं जुडी खाली ठेवली, गार्गीचे ओठ आपल्या पदरानं पुसले.

“वहिनी, ह्या महिन्यात मला ते पैसे लागणारच आहेत,” ती म्हणाली. “आणि घरात कुणाला कळायला नको. दोनच गोष्टी. बाकी काय बी करा.”

*

आमचं इचलकरंजीतलं भगिनी मंडळ म्हणजे एक मागाची रिकामी शेड आणि तिच्यावरची एक बंद खोली. राजमतीअक्का चौगुल्यांच्या यजमानांनी माग भंगारात काढले तेव्हा त्या शेडमध्ये अक्कांनी रुग्णांसाठीच्या वस्तू ठेवायला सुरुवात केली. वर-खाली होणारी कॉट, चाकाची खुर्ची, वॉकर, हवेची गादी. गरज असेल त्यानं न्यायची, गरज संपली की धुऊन आणून द्यायची. गरज कशी संपली ते कुणी विचारायचं नाही, असा अक्कांचा नियम. मंडळ रीतसर नोंदवलेलं होतं. मी लग्न होऊन गल्लीत आले, बी.कॉम. आहे हे कळलं, आणि अक्कांनी माझ्या हातात हळदीकुंकवाच्या करंड्याबरोबरच खजिनदारपद दिलं.

त्याच बायकांची एक भिशी होती. ती मंडळाच्याही आधीची. पूर्वी पैसे अक्कांच्या कपाटात असायचे. शेजारच्या गल्लीत चोरी झाल्यावर कुणीतरी म्हणालं, मंडळाचं खातं आहेच की बँकेत, तिथं भरत जाऊया. दर महिन्याला सगळ्यांची वर्गणी खात्यात जायची, आणि जिचा नंबर असेल तिला काढून मिळायची. मला यात काही वावगं दिसलं नाही. उलट बँकेत आहे म्हणजे चोख आहे असंच वाटत होतं.

संध्याकाळी अक्कांनी सन्मती उपाध्येला शेडमध्ये बोलावलं. तो त्यांच्या नात्यातला, नवाच सी.ए. झालेला. चाकाच्या खुर्चीवर बसून तो लॅपटॉप उघडायला लागला तसं अक्का ओरडल्या, “ऊठ तिथनं! धडधाकट माणसानं त्यात बसू नये.” तो कॉटच्या कडेला टेकला.

“अक्का, तुम्ही इन्कम टॅक्सचं विवरण कधी भरलंय का?”

“आपण कुठं कमावतोय? समाजकार्याला टॅक्स नसतो.”

“नसतो. पण नसतो हे दरवर्षी सांगायला लागतं. सूट मागितली तर सूट. मागितलीच नाही तर ते काय स्वप्नात येऊन देणार?”

“बरं, मग आता सांग.”

“आता उशीर झाला. तुमच्या खात्यात किती पैसे येतात-जातात बघितलंय? आणि स्लिपवर काय लिहिलंय? वर्गणी! त्यांना वाटणार मंडळाची वर्गणी. त्यांनी विचारलं होतं, तीन-चार पत्रं पाठवली ई-मेलवर. उत्तर नाही. मग त्यांनी सगळी जमा उत्पन्न धरली, कर लावला, दंड लावला आणि खातं गोठवलं.”

“कसला ई-मेल?” मी विचारलं.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मगदूमवहिनी म्हणाल्या, नोंदणी करताना नेटकॅफेवाल्या पोरानं काहीतरी काढलं होतं खरं. पासवर्ड त्यालाच ठाऊक. तो आता दुबईत एसी दुरुस्त करतो.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

“तुरुंगात घालतात का रे?” अक्कांनी विचारलं.

“तसं लगेच नाही. पण जबाबदारी पदाधिकाऱ्यांची. सह्या कुणाच्या?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या मांडीवर गार्गी झोपली होती. तिच्या मुठीत माझं मंगळसूत्र होतं. ते सोडवून घ्यायचंही मला सुचत नव्हतं. डोळ्यासमोर एकच चित्र येत होतं. पोलीस दारात उभे आहेत आणि हिला अंगावर पाजायचं कुणी?

“एक मार्ग आहे,” सन्मती म्हणाला. “हे पैसे मंडळाचे नाहीत, भिशीचे आहेत हे दाखवायचं. प्रत्येकीनं लिहून द्यायचं की हे पैसे माझे. पूर्ण नाव, पत्ता, आधार, सही. मी साहेबांची वेळ घेतो. भिशीची वही कुठंय?”

मी वही दिली. त्यानं पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, मग चष्मा काढून डोळे चोळले.

“हे काय आहे, प्रणालीताई?”

“नावं.”

“पिंटूची आई. मगदूमवहिनी. दवाखान्याजवळच्या काकू. नवी सून. परत पिंटूची आई. ही नावं आहेत?”

“दोन पिंटू आहेत,” अक्का म्हणाल्या. “एक काळा, एक गोरा.”

माझ्या आधीच्या बाईंनी असंच लिहिलं होतं, मीही तसंच लिहीत गेले. हाका मारताना तेच, लिहिताना तेच. माझ्या स्वतःच्या नावापुढं मी स्वतःच्या अक्षरात ‘गार्गीची आई’ लिहिलं होतं. त्या संध्याकाळी शेडमध्ये एकेक बाई उठून आपलं नाव सांगायला लागली, आणि ज्यांच्या घरी मी सणाचं ताट घेऊन जात होते त्या दवाखान्याजवळच्या काकूंचं नाव विजयमाला आहे हे मला कळलं. काळ्या पिंटूची आई म्हणजे सुलोचना. “अय्या, माझ्या आईचं नाव!” गोऱ्या पिंटूची आई ओरडली. “मग मला आई म्हण की,” सुलोचना म्हणाली, “आणि आधी ती वाटी दे परत, दिवाळीत नेलेली.”

सगळ्या हसत होत्या. सुरेखा दाराजवळ उभी होती. वहीत ती ‘आर्यनची आई’ होती. तिनं नाव दिलं नाही.

“एक राहिलंच,” जाता जाता सन्मती म्हणाला. “प्रत्येकीच्या पत्त्यावर ऑफिसकडनं खात्रीचं पत्र जाईल. घाबरू नका, फक्त विचारतील, पैसे तुमचेच ना म्हणून.”

मी दाराकडं बघितलं. सुरेखा निघून गेली होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. गार्गीला न्हाऊ घालून मी नुकतीच दुपट्यात गुंडाळत होते. सुरेखानं दार लोटून घेतलं आणि फोन पालथा घालून ओट्यावर ठेवला.

“माझं नाव घालू नका, वहिनी.”

“मग तुझे पैसे?”

“तुमच्या नावावर घाला. म्हणा, दोन नंबर तुमचेच हुते. मिळाले की मला द्या.”

“खोटं लिहून द्यायचं? सुरेखा, माझी सही आहे सगळीकडं. आधीच...”

“पत्र येणार घरी,” ती म्हणाली. “पोस्टमन आला की सासूबाई घेत्यात. त्या कपाटावर ठेवत्यात. मग ते आल्यावर उघडत्यात. माझं रेशनकार्डाचं पत्र बी तेच उघडत्यात.” बोलताना ती गार्गीच्या टाळूला तेल लावत होती. बोटं अगदी मऊ फिरत होती. “मागं एकदा माझ्या पर्समध्ये दवाखान्याची चिठ्ठी सापडली. तीन दिवस विचारत हुते, गेलीस कुणाबरोबर. मारत न्हाईत हो. नुसतं विचारत्यात. झोपू देत न्हाईत आणि विचारत्यात. आर्यनला उठवून त्याला विचारत्यात.”

ओट्यावरचा फोन थरथरला. तिचं अख्खं अंग त्याच्याबरोबर थरथरलं. तिनं गार्गीला उचललं, चेहऱ्यावर हसू घातलं, एखादीनं डोक्यावर पदर घ्यावा तसं, आणि फोन सुलटा केला.

“वहिनींकडं आहे. न्हाऊ घालतोय बाळाला.”

मी या वेळी आडोशाला गेले नाही. पण पुढंही झाले नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सुमेध घाबरट नाही, पण तो हळू आवाजात म्हणाला, “खोटं काही लिहू नकोस. लहान मूल आहे आपल्याला.” आमच्याकडं तेव्हा प्रत्येक वाक्य याच शब्दांनी संपायचं. मी हो म्हणाले. आणि तरी एक जादा अर्ज माझ्या नावानं भरून पिशवीत ठेवला, सही न करता. करायची की नाही ते मला ठरवताच येत नव्हतं. एकीकडं तिचे डोळे, दुसरीकडं पाळण्यातली ही. त्या दिवसांत माझं दूध कमी झालं होतं. डॉक्टरीण म्हणाल्या, काळजी करू नका. म्हणजे काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

*

सुनावणीला कोल्हापूरला जायचं होतं. अक्कांनी एक वडाप ठरवली, म्हणजे ती जीपमध्ये कोंबून माणसं नेणारी गाडी. बायका इस्त्रीच्या साड्या नेसून, डबे घेऊन बसल्या होत्या. गाडी सुटता सुटता सुरेखा आली.

“वहिनींच्या बाळाला कोल्हापूरला डॉक्टरला दाखवायचंय, धरायला पाहिजे कोण तरी, असं सांगून आलोय,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “मी बाहेर बसतो. पैशाचं काय हुतंय तेवढं ऐकून जातो.”

ऑफिसच्या बाहेर लांब बोळ होता, भिंतीला लाकडी बाकं. तिथं बसल्या बसल्या तिचा फोन वाजला. तिनं गार्गीला मांडीवर घेतलं, बाकं दाखवली, बोळ दाखवला. “दवाखान्यात. लई नंबर आहेत पुढं.” पलीकडच्या बाकावर बसलेला एक म्हातारा कागद छातीशी धरून खोकला. तो खोकला आम्हाला देवानंच पाठवला होता. फोन बंद झाला.

आम्हाला आत बोलावलं; सुरेखा गार्गीला घेऊन बाहेरच थांबली. खोलीत खुर्च्या कमी, बायका जास्त. साहेबांचं नाव वानखडे, विदर्भातले. डोळ्यांखाली काळं, टेबलावर पाण्याच्या बाटलीशेजारी गोळ्यांची डबी. त्यांनी आमची गर्दी बघून फाइल मिटली आणि परत उघडली.

“अध्यक्ष कोण?”

“मी,” अक्का म्हणाल्या. “साहेब, आम्ही काय धंदा करत नाही.”

“धंदा नाही करत, हेच तर दरवर्षी लिहून द्यायचं असते, बाई. चांगलं काम करून राहिल्या तुम्ही, पण सरकारला ते स्लिपवरून कसं दिसणार? स्लिपवर तर आकडाच दिसते.” त्यांनी वही पुढं ओढली. “आता हे पाहू. पिंटूची आई म्हणजे कोण?”

दोन हात वर झाले.

साहेबांनी सन्मतीकडं बघितलं. सन्मतीनं छताकडं बघितलं.

“एकेक करू,” साहेब म्हणाले. “उठायचं, पूर्ण नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, पैसे कोणाचे ते सांगायचं, सही करायची.”

“सुलोचना आप्पासो कोरे. पैसे माझे. दूध घालते मी.”

“विजयमाला... ह्यांचं नाव घ्यायलाच पाहिजे का?” दवाखान्याजवळच्या काकू सत्तरीच्या. त्यांनी जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं.

“मधलं नाव लागते, आजी.”

काकूंनी पदर सावरला, साहेबांच्या टेबलावर नजर टाकली आणि हातातल्या हातात टाळी वाजवून म्हणाल्या, “टेबलावर फायली, फायलीला नाडा, भूपालरावांसाठी केला लग्नात राडा.”

साहेब हसले. मला वाटतं त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलंच हसणं असावं. “भूपाल,” त्यांनी लिहून घेतलं. “राडा लिहीत नाही.”

नावं पुढं सरकत होती. हसण्यानं खोलीतली भीती थोडी विरली होती, पण माझी वाढत होती. यादीत खाली खाली येत त्यांचं बोट कुठं थांबणार ते मला दिसत होतं. मी पिशवीत हात घालून तो बिनसहीचा अर्ज चाचपला.

“आर्यनची आई?”

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. सुरेखा आत आली होती; गार्गी रडायला लागली म्हणून मला द्यायला आली होती, आणि दाराला टेकून तशीच उभी होती.

“आर्यनची आई कोण आहे?” साहेबांनी परत विचारलं.

मी उभी राहिले. “साहेब, ते...”

“तुमची सही तर झाली. तुम्ही गार्गीची आई ना?” त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “तुम्हाला आर्यन पण आहे?”

हो म्हटलं की सुरेखा मोकळी होणार होती आणि हो म्हटलं की मी अडकणार होते. गार्गी हात पसरून माझ्याकडं झेपावत होती, सुरेखाच्या कडेवरून. आणि सुरेखाचा फोन वाजायला लागला.

तिनं तो घेतला नाही.

पहिल्यांदाच मी तो फोन इतका वेळ वाजताना ऐकला. त्याला एक देवीच्या आरतीची धून लावलेली होती. आम्हाला कुणालाच ती माहीत नव्हती, कारण तिनं ती कधी वाजू दिली नव्हती. धून संपली. परत सुरू झाली.

“घ्या ना फोन,” साहेब म्हणाले. “घरचा असेल.”

“आर्यनची आई मी,” सुरेखा म्हणाली. तिनं पुढं येऊन गार्गीला माझ्या हातात दिलं. “सुरेखा महादेव हुपरे. कापडाच्या घड्या घालतो मी सुताला खळ लावत्यात त्या सायझिंगच्या पलीकडं. पैसे माझे.”

“पत्ता?”

तिनं पर्समधलं आधारकार्ड टेबलावर ठेवलं. धून वाजत होती.

“पत्ता, बाई? आधारवर हा आहे. हाच ना?” साहेबांनी वाचायला सुरुवात केली. “लायकर मळा, हुपरे...”

“तो नको.”

“म्हणजे?”

“तो बदललाय.”

“कधी बदलला?”

तिनं एकदा श्वास घेतला. “आज.”

तेव्हा मला कळलं. भिशी कशासाठी हवी होती, याच महिन्यात का हवी होती, शाळेचं वर्ष संपत आलेलं असताना ती दोन्ही मुलांच्या दाखल्याबद्दल मला आडून आडून का विचारत होती. तिनं कुठंतरी खोली बघितली होती. अनामत त्या पैशांतून द्यायची होती. पैसे गोठले आणि ती खोली गेली. तरीही ती आज ‘बदललाय’ म्हणाली होती.

साहेबांनी पेन उचललं. “नवीन पत्ता सांगा.”

तिच्याकडं नवीन पत्ता नव्हता. ती अशा दारातून बाहेर पडली होती की पुढं पायरीच नव्हती. मला वाटलं, आता ती मागं फिरणार. आता म्हणणार, चुकलं साहेब, तोच पत्ता.

“लिहा,” राजमतीअक्का म्हणाल्या. “जैन बस्तीच्या मागं, चौगुल्यांची मागाची शेड. वरची खोली.”

“तुमची कोण ही?”

“मंडळाची सभासद.”

“तिथं तर मंडळाचं ऑफिस आहे. म्हणजे मंडळाच्या जागेत...”

“जागा माझी आहे साहेब. मंडळाला फुकट दिलीय.”

“फुकट दिली, हे पण लिहून द्यायचं असते,” साहेब पुटपुटले. मग ते थांबले. तो फोन आता तिसऱ्यांदा वाजत होता. त्यांनी फोनकडं बघितलं, सुरेखाच्या हातांकडं बघितलं, आणि मान खाली घालून सावकाश, एकेक अक्षर गोल काढत पत्ता लिहिला. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवला.

“खात्रीचं पत्र याच पत्त्यावर जाईल,” ते म्हणाले. “दुसरीकडं नाही जात. रेकॉर्डला जो पत्ता आहे तोच. करा सही.”

तिनं सही केली. ‘सुरेखा’ एवढीच. साहेबांनी चालेल म्हटलं.

*

जिन्यात तिनं फोन उचलला. आम्ही सगळ्या पायऱ्यांवर जागच्या जागी थांबलो. कुणी कुणाला थांबा म्हणालं नाही.

“कुठं आहेस? फोन का उचलत नव्हतीस? दाखव. मागं कोण आहे?”

तिनं फोन फिरवला नाही. “इन्कम टॅक्सच्या हापिसात.”

पलीकडं मग तो हसला. गार्गीनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. “तुझं काय काम तिथं?”

“माझे पैसे आहेत,” सुरेखा म्हणाली, आणि फोन बंद केला. मग ती पायरीवर बसली आणि दोन्ही गुडघ्यांना मिठी मारून रडायला लागली. विजयमालाकाकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“आता रडायचं न्हाई,” अक्का म्हणाल्या. “पोरं कुठायत?”

“शाळेत.”

“आणि तो?”

“सायझिंगला. पण आता निघाला असंल.”

अक्का पदर खोचून जिना उतरायला लागल्या. “वडापवाल्याला उठवा. आधी शाळा.”

इतका लांब रस्ता मी आयुष्यात पाहिला नाही. हातकणंगल्याच्या रेल्वे फाटकाला गाडी थांबली तेव्हा सुलोचना खाली उतरून फाटकवाल्यावर ओरडून आली. त्याचा काही उपयोग नव्हता, हे तिलाही माहीत होतं. मी गार्गीला घट्ट धरून बसले होते. इतकं घट्ट की ती कुरकुरली. मला माझ्याच घरी जायचं होतं, कडी लावून बसायचं होतं. गाडी आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली तेव्हा वडापवाल्यानं विचारलंही, “कोण उतरणार का?” माझं तोंड उघडलं. मी बाकीच्या बायकांकडं बघितलं. कुणीही उतरत नव्हतं. मी तोंड मिटलं.

शाळेच्या फाटकाशी आम्ही आधी पोचलो. आर्यन आणि त्याची बहीण दप्तरं घेऊन गाडीत चढली, एवढ्या बायका बघून लाजली. मुलीनं विचारलं, “कुणाचं लगीन हाय?”

सुमेधला रात्री हे सगळं सांगितलं. तो उठून दाराची कडी बघून आला, आणि थोड्या वेळानं परत एकदा.

मंडळाच्या खात्यावरचं लीन काही दिवसांनी निघालं. सन्मतीनं मागच्या वर्षांची विवरणं भरली, दंड थोडा बसला तो आम्ही वाटून घेतला. भिशी अक्कांच्या कपाटात परत गेली. सुरेखाला तिचे पैसे मिळाले. त्यातून तिनं वरच्या खोलीसाठी गॅस आणि पंखा घेतला आणि उरलेले अक्का नको नको म्हणत असताना भाडं म्हणून दिले.

पण भीती काही लगेच निघाली नाही. पुढं कित्येक महिने गल्लीत मोटारसायकलचा आवाज आला की आम्ही बाहेर यायचो. हातात पिठाचा गोळा असो की अंगावर पिणारं मूल असो. आधी मी एकटीच येते असं वाटायचं. मग दिसलं, सुलोचनाच्या दारात सुलोचना आहे, काकूंच्या दारात काकू. दूधवाला असायचा, नाहीतर कुणाचा तरी पोरगा. आम्ही एकमेकींकडं न बघता आत जायचो.

एका संध्याकाळी तो खरंच आला. गाडी हळू केली. शेडसमोर येऊन एक पाय जमिनीवर टेकवला आणि वरच्या खिडकीकडं बघितलं. मग त्याची नजर खाली आली. प्रत्येक उंबऱ्यावर एक बाई उभी होती. कुणाच्याही हातात काही नव्हतं, माझ्या कडेवर गार्गी होती तेवढीच. मी चौकट धरून उभी होते. तो बघत राहिला. मग त्यानं गाडीला किक मारली आणि गेला.

वरच्या खोलीत दिवा लागला होता. सुरेखा लेकीला तेराचा पाढा म्हणायला लावत होती. त्या दोघींचा आवाज खाली येत होता, एकीचा पुढं, एकीचा मागं. गाडीचा आवाज त्यांना ऐकू गेला नव्हता.

आम्ही तिला सांगितलंच नाही.